दोनशे फुटांखालचा मासा

फ्लोरिडा राज्याच्या वायव्य टोकाला, मेक्सिकोच्या आखाताच्या काठावर डेस्टिन नावाचं एक लहान शहर आहे. वस्ती जेमतेम चौदा हजारांची. पण तिथल्या बंदरात भाड्याने मासेमारीला नेणाऱ्या बोटी शंभरावर आहेत आणि 1948 पासून दर ऑक्टोबरात तिथे महिनाभर मासेमारीची स्पर्धा भरते. हे सगळं याच गावात का, याचं उत्तर समुद्राच्या तळाशी सापडतं. फ्लोरिडाच्या पश्चिम किनाऱ्यावर बहुतेक ठिकाणी समुद्रबूड जमीन फार लांबवर पसरलेली आहे. खोल पाणी गाठायलाच अर्धा दिवस जातो. मुंबईसमोरही तसंच आहे. तिथे ही उथळ जमीन तीनशे किलोमीटरच्या आसपास पसरली आहे. डेस्टिनच्या दक्षिणेला मात्र डी सोटो कॅन्यन नावाची प्रचंड घळ समुद्रतळात शिरलेली आहे. तिच्यामुळे खोल पाणी किनाऱ्याच्या जवळ सरकलं आहे. बंदराच्या तोंडातून निघालं की दहाएक मैलांत शंभर फूट खोली मिळते आणि आणखी पुढे गेलं की दोनशे, तीनशे फूट. म्हणून पहाटे निघून संध्याकाळी परत येणारी बोट एकाच दिवसात दोन अगदी वेगळ्या प्रकारची मासेमारी करू शकते. एक वरच्या थरातली, धावत्या बोटीमागे आमिष ओढत केलेली, तिला ट्रोलिंग म्हणतात. दुसरी तळाची, बोट एका जागी ठेवून शिसं थेट खाली सोडण्याची.

या दोन्हींत फरक फक्त पद्धतीचा आहे, असं पहिल्यांदा वाटतं. खरा फरक माशाच्या अंगात आहे. गळाचा आकार, दोरीची जात, कायद्यातली कलमं, सगळं त्या फरकातून आलेलं आहे.

व्यवस्था साधी असते. सहापर्यंत प्रवासी नेणाऱ्या बोटीच्या कॅप्टनला अमेरिकेच्या कोस्ट गार्डचा परवाना लागतो. त्यालाच तिथे बोलीभाषेत ‘सिक्स-पॅक’ म्हणतात. प्रवाशांना मासेमारीचा वेगळा परवाना काढावा लागत नाही, बोटीच्या परवान्यात ते धरलेले असतात. कॅप्टनच्या जोडीला डेकवर एक मदतनीस असतो. आमिष लावणं, दोऱ्यांचा गुंता सोडवणं, मासा आत घेणं, तो बर्फात ठेवणं, शेवटी साफ करून देणं हे सगळं त्याचं काम. त्याची कमाई बरीचशी बक्षिशीवर असते. भाड्याच्या पंधरा-वीस टक्के देण्याची तिथे रीत आहे. पकडलेली मासळी प्रवासी घरी नेऊ शकतात, विकू शकत नाहीत.

बाहेर पडताना पहिला थांबा जिवंत आमिषासाठी. बारीक गळांची एक माळ पाण्यात सोडतात, प्रत्येक गळाला चकचकीत पिसाचा किंवा माशाच्या कातडीचा तुकडा. ही जपानी युक्ती आता जगभर गेली आहे. बोयाच्या आसपास ती वरखाली हलवली की बोटभर लांबीचे मासे एकदम चार-पाच लागतात. ते पाणी खेळत्या टाकीत ठेवतात. सोबत गोठवलेली माकुळं आणि मासे असतातच.

मग खोल पाण्याकडे जाता जाताच ट्रोलिंग सुरू होतं. बोटीचा वेग ताशी पाच ते सात सागरी मैल. मागे चार-सहा दोऱ्या, आणि त्या सगळ्या वेगवेगळ्या अंतरावर. बोटीच्या दोन्ही बाजूंना बाहेर झुकवलेले लांब दांडे असतात, त्यांना आउटरिगर म्हणतात. दोरी त्यांच्या टोकाच्या चिमट्यात अडकवली की ती बोटीच्या फेसाळ वाटेपासून दूर, स्वच्छ पाण्यात चालते. मासा लागला की चिमटा सुटतो आणि ताण थेट रॉडवर येतो. एखादी दोरी मुद्दाम खोल न्यायची असेल, तर तिला पाणी कापत खाली जाणारी तिरकी पट्टी जोडतात. लांबून पाहणाऱ्याला हा सगळा पसारा लहान माशांच्या घाबरून पळणाऱ्या कळपासारखा दिसावा, असा बेत असतो. लांबून पाहणारा म्हणजे अर्थातच मासा.

इथलं नेहमीचं गिऱ्हाईक म्हणजे किंग मॅकरेल. आपल्या सुरमईच्याच कुळातला, अगदी सख्ख्या नात्यातला. त्याचे दात पाहिले की ट्रोलिंगच्या सामानातल्या दोन गोष्टी लगेच कळतात. गळाच्या अलीकडे हातभर तार असते, कारण नायलॉनची दोरी तो एका चाव्यात तोडतो. आणि आमिषाच्या तोंडाशी एक गळ असला, तरी शेपटाकडे दुसरा लावलेला असतो, कारण हा मासा आमिष गिळत नाही. मागून वेगाने येतो, शेपटाकडचा अर्धा भाग कापतो आणि निघून जातो. दोरी गुंडाळून पाहावी, तर आमिषाचा पुढचा अर्धा तुकडा सुरीने कापल्यासारखा सरळ रेषेत तुटलेला. दुसरा गळ त्या एका चाव्यासाठी असतो. मासा लागल्यावर रिळाचा आवाज होतो आणि शंभर-दीडशे यार्ड दोरी बघता बघता बाहेर जाते. नवखा माणूस इथे रीळ आवळायला धावतो. मदतनीस त्याचा हात धरतो. रिळाचा ब्रेक मुद्दाम सैल ठेवलेला असतो. आवळला तर छोटा गळ तोंड फाडून निघून येतो. पहिली धाव संपू द्यायची आणि मगच गुंडाळायला लागायचं.

या वरच्या थरातल्या माशांची शरीररचना पाहण्यासारखी आहे. बहुतेक हाडांच्या माशांच्या पोटात हवेची एक पिशवी असते. ती कमीजास्त फुगवून मासा पाण्यात हवा त्या खोलीवर, फारशी शक्ती न घालवता तरंगत राहतो. किंग मॅकरेलला ही पिशवीच नाही. माही-माही या हिरव्या-सोनेरी माशाला नाही. कोबियालाही नाही. कोबिया म्हणजे मुंबईच्या बाजारातला सकला, मालवण-गोव्याकडचा मोडसो. तो तर नात्यातला नव्हे, अगदी तोच मासा, आखातातही आणि अरबी समुद्रातही. पिशवी नसल्याने किंग मॅकरेल आणि माही-माहीला सतत पोहत राहावं लागतं, पण त्या बदल्यात मोठी मोकळीक मिळते. पृष्ठभागापासून शंभर फूट खाली आणि तिथून पुन्हा वर, हा मासा क्षणात जाऊ शकतो. आत फुगायला किंवा आक्रसायला काही नाहीच. म्हणूनच तो पाठलाग करून शिकार करतो आणि धावत्या आमिषामागे लागतो.

माही-माहीचं सगळं आयुष्यच घाईचं. चार-पाच महिन्यांत तो वयात येतो, वर्षभरात तीन-चार फुटांचा होतो आणि चार-पाच वर्षांच्या पुढे सहसा जगत नाही. मोसमात दर दोन-तीन दिवसांनी अंडी घालतो. आखातात सरगॅसम नावाचं तपकिरी शैवाल लांबच लांब पट्ट्यांनी तरंगत असतं. कॅप्टन अशी एक रेघ शोधतो आणि तिच्या कडेकडेने बोट नेतो, कारण तिच्या सावलीत लहान मासे असतात आणि त्यांच्यामागे माही-माही. एक तरंगती फळी किंवा प्लास्टिकची बादली दिसली, तरी अनुभवी कॅप्टन वाट वाकडी करून तिच्याजवळून जातो.

दोनशे फुटांवर पोचलं की दोऱ्या आत येतात आणि बोटीवरची लगबग बदलते. आता सगळं लक्ष सोनारच्या पडद्यावर. सपाट वाळूच्या तळावर मासा क्वचितच थांबतो, त्याला आडोसा लागतो. चुनखडीचा उंचवटा, जुनं बुडालेलं जहाज, मुद्दाम टाकलेला काँक्रीटचा ढीग, काहीही. पडद्यावर तळाची रेघ उचललेली दिसते आणि तिच्या वर माशांचा ठिपक्यांचा थर. पण बोट बरोबर त्याच्यावर उभी केली, तर शिसं तिथे पडणार नाही. दोनशे फूट खाली जाईपर्यंत प्रवाह त्याला बाजूला नेतो. कॅप्टन वारा आणि प्रवाह यांचा अंदाज घेऊन बोट थोडी वरच्या अंगाला आणतो आणि ओरडतो, “सोडा!” सगळ्यांची शिसं एकदम खाली गेली पाहिजेत. उशीर करणाऱ्याचं शिसं वाळूत पडतं.

इथला मानाचा मासा रेड स्नॅपर, आपल्या तांबोशीच्या कुळातला. खडकाच्या कपारीत ग्रूपर, म्हणजे आपले हेकरू, गोब्रा. खडकाच्या वर थोड्या अंतरावर अंबरजॅक, जो लागला की हात भरून येतात. तार इथे चालत नाही. स्नॅपरची नजर चांगली असते, म्हणून पाण्यात जवळजवळ न दिसणारी फ्लुओरोकार्बनची दोरी. आणि गळ गोल, ज्याचं टोक आत वळलेलं असतं. कोकणात लहानपणापासून गरी टाकणाऱ्या माणसाला हा गळ सुरुवातीला त्रास देतो, कारण चावा जाणवला की हिसका द्यायचा, ही हाताला लागलेली सवय. गोल गळाला हिसका दिला की तो माशाच्या तोंडातून नुसताच निसटून येतो. इथे काहीच करायचं नसतं. मासा आमिष घेऊन वळला की शांतपणे रीळ फिरवत राहायचं. गळ आपोआप सरकत जबड्याच्या कोपऱ्यात येतो आणि तिथेच बसतो. घशात किंवा पोटात जात नाही. म्हणून 2008 पासून आखाताच्या संघराज्यीय पाण्यात खडकाळ तळाचे मासे नैसर्गिक आमिषावर पकडताना हा गळ सक्तीचा झाला. तोही स्टेनलेस स्टीलचा नको, म्हणजे आत राहून गेलाच तर गंजून जाईल.

स्नॅपरला आणि ग्रूपरला हवेची पिशवी असते, आणि ती बंद असते. काही माशांची पिशवी नळीने घशाला जोडलेली असते, त्यांना हवा तोंडावाटे सोडता येते. यांना ती सोय नाही. रक्तातून वायू हळूहळू पिशवीत येतो आणि हळूहळूच परत शोषला जातो. ही पिशवी मराठी माणसाला चांगली ओळखीची आहे. पालघरच्या किनाऱ्यावर ‘भोत’ म्हणतात ती हीच. 2021 च्या ऑगस्टअखेरीस मुरबे गावच्या बोटीला दीडशेवर घोळ मासे मिळाले आणि त्यांचे सव्वा कोटी रुपयांहून जास्त झाले. ती किंमत मांसापेक्षा मुख्यतः भोताची होती.

पाण्यात दर दहा मीटरला एका वातावरणाइतका दाब वाढतो. दोनशे फुटांवर, म्हणजे साठ मीटरवर, तो पृष्ठभागाच्या सातपट असतो. तिथे समाधानाने तरंगणारा स्नॅपर दोन मिनिटांत वर ओढला, की त्याच्या पिशवीतला वायू सातपट जागा मागतो. घाट चढताना गाडीतली चिप्सची पुडी फुगते तीच गोष्ट, पण इथे ती जिवंत शरीराच्या आत घडते. पिशवी फाटते. वायू पोटाच्या पोकळीत पसरतो, जठर उलटं होऊन तोंडातून बाहेर येतं, डोळे खोबणीतून पुढे येतात. तोंडातून आलेला गुलाबी फुगा पाहून पुष्कळांना तीच हवेची पिशवी वाटते आणि ते सुईने तो फोडतात. ते जठर असतं. ते फोडणं म्हणजे माशाला आणखी एक जखम.

असा मासा बर्फाच्या पेटीत जाणार असेल, तर विषय संपला. पण तो परत सोडायचा असेल तर? आकाराने 16 इंचांहून लहान असेल, माणशी दोनची मर्यादा भरली असेल किंवा त्या माशाचा हंगामच बंद असेल, तर सोडावाच लागतो. आणि गंमत नव्हे, अडचण अशी की एका खडकावर सगळे एकत्र राहतात. हंगाम बंद असलेला मासा आमिष घेणार नाही, असा नियम करता येत नाही. पाण्यात टाकलेला फुगलेला स्नॅपर पोटावर-पाठीवर उलटत पृष्ठभागावरच राहतो. खाली जायची धडपड करतो, जमत नाही. डॉल्फिन, शार्क आणि पेलिकन यांना हे माहीत झालेलं आहे. काही खडकांवर डॉल्फिन बोटीचा आवाज ओळखून येतात आणि सोडलेला मासा थेट उचलतात. कागदावर तो मासा ‘सोडलेला’ असतो.

यावर दोन उपाय. एक, माशाच्या छातीच्या परामागे, खवल्याखालून तिरकी पोकळ सुई घालून वायू सोडणं. हात शिकलेला असेल तर हे काम नीट होतं, नसेल तर आतले अवयव जखमी होतात. दुसरा उपाय मला स्वतःला जास्त पटतो, कारण त्यात कसबापेक्षा भौतिकशास्त्रावर भिस्त आहे. माशाचा खालचा ओठ एका चिमट्यात धरायचा, चिमट्याला वजन जोडायचं आणि मासा दोरीने परत खाली पाठवायचा. खाली जाता जाता दाब वाढतो, वायू आक्रसतो, डोळे जागेवर येतात. ठरलेल्या खोलीवर पाण्याच्या दाबानेच चिमटा उघडतो आणि मासा पोहत निघून जातो. वरून सोडलेल्याला डॉल्फिन जसा सहज उचलतो, तसं इथे बहुतेकदा होत नाही. अमेरिकेत सुईची सक्ती 2008 मध्ये आली, तिच्या उपयोगाबद्दल मतभेद झाल्याने 2013 मध्ये उठली, आणि 13 जानेवारी 2022 पासून एका नव्या कायद्याने आखातातल्या बोटींवर सुई किंवा हे खाली सोडण्याचं साधन, दोहोंपैकी एक, वापरायला तयार अवस्थेत ठेवणं सक्तीचं झालं. ‘तयार अवस्थेत’ हे शब्द महत्त्वाचे, कारण खणातून शोधून काढेपर्यंत मासा मेलेला असतो.

एका माशासाठी एवढी उठाठेव कशाला, असं कुणी म्हणेल. रेड स्नॅपर पन्नास वर्षांहून जास्त जगतो, हे त्याचं उत्तर. माही-माहीची पिढी वर्षात उलटते. त्याची लूट भरून निघायला वेळ लागत नाही. स्नॅपरचं तसं नाही. मत्स्यशास्त्रातल्या एका जुन्या, पुष्कळदा सांगितल्या गेलेल्या गणितानुसार 61 सेंटिमीटर लांबीची एक मादी जितकी अंडी देते, तितकी द्यायला 42 सेंटिमीटरच्या 212 माद्या लागतात. मोठा मासा मारला की दोनशे लहानांचं काम थांबतं. गॅग जातीच्या ग्रूपरची कथा आणखी नाजूक आहे. तो जन्मतो मादी म्हणून आणि मोठा झाल्यावर त्यातले काही नर होतात. नर खोल कड्यांवर राहतात, मोठे असतात, आमिषावर धीटपणे येतात. परिणाम असा झाला की 1970 च्या दशकात या भागातल्या गॅगमध्ये नर सुमारे 17 टक्के होते, ते 1990 च्या दशकापर्यंत 2 टक्क्यांच्या आसपास उरले. म्हणून 2000 साली आखातातली मॅडिसन-स्वॉन्सन आणि स्टीमबोट लम्प्स ही दोन क्षेत्रं मासेमारीला बंद झाली. पुढे काही वर्षं तिथे मे ते ऑक्टोबर वरच्या थरातलं ट्रोलिंग करायला मुभा होती, तळाला दोरी सोडायला मात्र नाही. एकाच जागेच्या पाण्याचे वरचा आणि खालचा असे दोन कायदे. माशांची शरीरं समजून घेतली की ते विचित्र वाटत नाहीत.

स्नॅपरच्या हंगामाने इथल्या लोकांना फार छळलं. साठा घसरला होता, त्यात कोळंबीच्या ट्रॉलजाळ्यात पिल्लं मरत होती. 2014 मध्ये संघराज्यीय पाण्यात हौशी मासेमारीसाठी हंगाम फक्त 9 दिवसांचा होता. पुढच्या वर्षी भाड्याच्या बोटींचा वाटा खाजगी बोटींपासून वेगळा केला आणि चार्टरवाल्यांना 44 दिवस मिळाले. त्यांचा हंगाम 1 जूनला उघडतो. आपल्याकडे नेमकं 1 जूनलाच बोटी किनाऱ्यावर ओढल्या जातात आणि पावसाळी बंदी लागते. आपण अंडी घालण्याचा काळ आणि खवळलेला समुद्र पाहून दार लावतो. ते एकूण किती वजन मारलं गेलं ते मोजून लावतात, आणि त्या मोजणीत सोडल्यानंतर मेलेले मासेही धरतात. दोन्हींत तथ्य आहे. पण पन्नास वर्षं जगणाऱ्या माशाच्या बाबतीत दोन महिन्यांची सुट्टी पुरेशी होत नाही, असं मला वाटतं. मालवणच्या खडपांवर तांबोशी आणि गोब्रा गरवणाऱ्यांनाही हा हिशेब लागू पडावा.

आडोशांची भर मात्र माणूस घालतो आहे. फ्लोरिडातल्याच पेन्साकोला शहरासमोर 17 मे 2006 रोजी ‘ओरिस्कनी’ ही विमानवाहू युद्धनौका मुद्दाम बुडवली, आता तिच्याभोवती मासे आहेत. डेस्टिन ज्या काउंटीत आहे त्या ओकालूसा काउंटीने 2024 मध्ये 990 फूट लांबीचं ‘एसएस युनायटेड स्टेट्स’ हे जुनं प्रवासी जहाज याच कामासाठी विकत घेतलं. अशा सांगाड्यांमुळे मासे वाढतात, की असलेले मासे एका ठिकाणी गोळा होऊन पकडायला सोपे होतात, यावर शास्त्रज्ञांचा वाद जुना आहे. मला दुसरी बाजू दुर्लक्ष करण्यासारखी वाटत नाही.

परतीच्या वाटेवर बर्फाची पेटी तपासली जाते. तिच्यात नुसता बर्फ नव्हे, बर्फ आणि खारं पाणी यांचा लगदा असतो, कारण तो माशाला सगळीकडून चिकटतो. सुरमईच्या कुळातले मासे आणि माही-माही उन्हात तासभर जरी राहिले, तरी त्यांच्या मांसात हिस्टमाइन तयार होऊ लागतं. ते शिजवून जात नाही आणि खाणाऱ्याला अंगावर लाली, डोकेदुखी, धडधड होते. आणखी एक इशारा. किंग मॅकरेलमध्ये पारा जास्त असतो, म्हणून गर्भवती, स्तनदा आणि लहान मुलांनी तो टाळावा असं अमेरिकी सरकारी यंत्रणा सांगतात. तो आपल्या सुरमईचा भाऊबंद आहे, सुरमई नव्हे. आपल्याकडच्या दुकानांतही सुरमईवर ‘किंग मॅकरेल’ची पाटी दिसते, तिच्यावरून घाबरायला नको आणि तिथल्या माशाला सुरमई समजून निर्धास्तही व्हायला नको.

अटलांटाकडची मराठी कुटुंबं सुट्टीत पाच-सहा तास गाडी चालवून या किनाऱ्यावर येतात. त्यांनी बोट ठरवताना भाड्याच्या आधी तीन गोष्टी विचाराव्यात. त्या आठवड्यात कोणत्या माशांचा हंगाम उघडा आहे, कारण जाहिरातीतल्या फोटोत दिसणारा मासा त्या दिवशी घरी नेता येईलच असं नाही. दिवसातला किती वेळ तळावर जाणार आणि किती ट्रोलिंगमध्ये, कारण लहान मुलांना तळाची मासेमारी सोपी पडते, आणि बोट लागणाऱ्यांना उभ्या बोटीपेक्षा चालती बोट बरी. तिसरी गोष्ट, मासा खाली सोडण्याचं साधन डेकवर कुठे ठेवलं आहे. जो कॅप्टन हातातलं काम थांबवून ते दाखवतो, त्याच्या बोटीवर जावं.